ब्रेकबाईंच्या डोक्यातला आवाज

आमच्या भागात गाडी चालवणारी निम्मी माणसं ब्रेकबाईंच्या हाताखालून गेलेली आहेत. मीही त्यांतलीच. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. बाई त्यावर पाय ठेवून शेजारच्या सीटवर बसायच्या आणि तोंडाचा पट्टा सोडायच्या. "आरशात बघ. भांग पाडायला नाही दिलेला तो. क्लच हळू सोड. हळू म्हटलं, झोपून जा नाही म्हटलं." आपण कशावर तरी जाऊन आदळणार असं वाटलं की खालून खट्ट आवाज यायचा आणि गाडी जागच्या जागी उभी. त्या खट्टवरून त्यांना हे नाव पडलं. खरं नाव विचारलं तर बऱ्याच जणांना आठवावं लागतं.

बाईंच्या पायाला भिंगरी. सकाळी पहिल्या शिकाऊला घेऊन निघायच्या ते दिवेलागणीपर्यंत गाडीत. घरी आल्यावरही चहा उभ्यानंच, आणि तोही खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत. घरात माणसं तीन. बाई, त्यांचे मिस्टर आणि मिस्टरांची थोरली बहीण. मुलगी शिकायला दूर असते. मिस्टर छापखान्यात मशीनवर. जन्म सगळा त्या खडखडाटात गेल्यामुळे कानांनी मंद झालेले, त्यामुळे स्वभावानं शांत आहेत की नुसतं ऐकू येत नाही, हे बाईंना लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठरवता आलेलं नाही. आणि बहिणीचं बरोबर उलट. नणंदबाई बालवाडीत मदतनीस. शेजारच्या घरात दूध उतू गेलं तर यांना इकडे कळणार. बाई स्वयंपाकघरात पुटपुटल्या तरी बाहेरच्या खोलीतून उत्तर यायचं. "ताईंच्या कानांना सुट्टी म्हणून नाही," असं बाई मिस्टरांना सांगायच्या, आणि मिस्टरांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं सांगायच्या, म्हणजे नणंदेनं ऐकलंच.

पुढची हकिकत निम्मी मला बाईंनी सांगितली, निम्मी नणंदबाईंनी. दोघींचं जिथे जुळत नाही तिथे मी नणंदबाईंचं धरलंय, कारण बाईंना त्या काळात धड दिसतही नव्हतं.

त्या दिवशी गाडीत बेकरीवाली होती. तिचा माल पोचवणारा ड्रायव्हर सोडून गेला होता, म्हणून पन्नाशीला आलेली ही बाई स्वतःच गाडी शिकायला आली होती. हाताला सदा पीठ, आणि जीव मुठीत धरून चालवायची. चौकात मधोमध तिच्या हातून गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागून हॉर्न सुरू झाले तशी ती आणखीनच गडबडली. "त्यांना वाजवू दे," बाई म्हणाल्या, "तू न्यूट्रल कर आधी." इतक्यात बाईंच्या बाजूनं एक टेम्पो आला. बाईंचा पाय ब्रेकवरच होता. पण गाडी आधीच उभी होती. उभ्या गाडीला ब्रेक मारून काय होणार?

बेकरीवालीला खरचटलंसुद्धा नाही. बाईंचं डोकं दाराच्या खांबावर आपटलं. शुद्धीवर आल्या तेव्हा स्ट्रेचरवर होत्या आणि बेकरीवालीला विचारत होत्या, "हँडब्रेक ओढलास का?"

दवाखान्यात सीटी स्कॅन केला. कवटीच्या तळाला बारीक चीर होती, आत रक्तस्राव नव्हता. थोडे दिवस ठेवून घेतलं, मग घरी सोडलं. सांगितलं की वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, विश्रांती घ्यायची. बाईंना विश्रांती म्हणजे शिक्षाच. पलंगावर बसल्या बसल्या त्या खाली रस्त्यावरच्या गाड्यांच्या चुका काढायच्या. "हा बघा, इंडिकेटर न देता वळला." खोलीत ऐकायला कुणी नसलं तरीही.

आवाज सुरू झाला तो दात घासताना. बाईंना वाटलं, नळ नीट बंद झाला नाही. तो पिळला. मग वाटलं, गॅस. तोही बघितला. कुणीतरी पंपानं सायकलमध्ये हवा भरावी तसा आवाज, हूश्श, हूश्श, हूश्श. त्यांनी नणंदेला पंखा बंद करायला लावला, फ्रिजचा प्लग काढायला लावला. घरात एकदम सामसूम झाली आणि आवाज तसाच चालू. बाईंनी मनगटावर बोट ठेवून पाहिलं. आवाज नाडीबरोबर चालला होता.

"डोक्यात वाजतंय माझ्या," त्या म्हणाल्या.

"डोक्याला मार लागलाय, वाजणारच," नणंदबाई म्हणाल्या आणि फ्रिजचा प्लग परत लावला.

दोन दिवसांत डावा डोळा लाल झाला. जवळच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं, डोळे आलेत म्हणाले, थेंब लिहून दिले. आवाजाचं सांगितल्यावर म्हणाले, "अपघातानंतर होतं असं काहींना. टेन्शन घेऊ नका." बाई म्हणाल्या, "टेन्शन मी कधी घेत नाही, देते." डॉक्टर हसले. तिथंच तो विषय संपला.

घरी त्यांनी मिस्टरांना समोर बसवलं. "अहो, माझ्या कानाला कान लावा आणि सांगा." मिस्टरांनी लावला. डोळे मिटून, मन लावून, पुष्कळ वेळ ऐकलं. मग अपराध्यासारखे म्हणाले, "मला तर काही ऐकू येत नाही गं."

बाईंना ते फार लागलं. ऐकू येत नाही यात त्यांचा दोष नव्हता, हे कळत होतं. तरी लागलं. त्यात स्वयंपाकघरातून नणंदबाई म्हणाल्या, "घरात बसायची सवय नाही हिला. रिकामपणी माणसाला काहीही सुचतं." त्या दिवसापासून बाईंनी आवाजाबद्दल बोलणं बंद केलं.

बोलणं बंद केलं, पण आवाज थोडाच बंद होणार. उशीवर डोकं टेकलं की तो वाढायचा. बाई बसून झोपायला लागल्या, म्हणजे झोपायच्याच नाहीत. रेडिओ मोठ्यानं लावायच्या. काही वाटायचं नसलं तरी मिक्सर फिरवायच्या. गच्चीत चालायच्या, जिना उतरायच्या, गल्लीच्या टोकापर्यंत जायच्या, परत यायच्या. चाललं की नाडी जोरात, नाडी जोरात की आवाज जोरात. थांबलं तर तो ऐकत बसावं लागणार, म्हणून पुन्हा चालायच्या. नणंदबाई मला म्हणाल्या, "घरात वाघीण पिंजऱ्यात घातल्यासारखं झालं होतं. मलाच गरगरायला लागलं."

एका दुपारी बाई घरात नाहीत. नणंदबाईंनी गल्ली पालथी घातली, शेवटी भावाला फोन केला. त्यानं उचलला नाही. मशीनच्या आवाजात त्याला फोन कुठला ऐकू येतोय. म्हणून त्या स्वतःच छापखान्यात गेल्या. आत सगळी मशिनं चालू होती, जमीन थरथरत होती. आणि कागदाच्या रिमांच्या थप्पीवर डोकं टेकून बाई गाढ झोपल्या होत्या. मिस्टर मशीनपाशी उभे होते. त्यांनी बहिणीला हातानंच खूण केली, उठवू नकोस.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "जेवायच्या सुट्टीत आली. म्हणाली, इथं तो ऐकू येत नाही. मशीन बंद झालं की दचकून उठते, म्हणून मग कुणीच मशीन थांबवलं नाही. फोरमनही काही बोलला नाही."

नणंदबाई म्हणतात, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं की हे नखरे नसावेत.

त्यानंतर मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती एकदम म्हणाली, "आई, तुझा एक डोळा मोठा का दिसतोय?" बाईंनी आरशात पाहिलं. खरंच डावा डोळा पुढे आला होता. आरशात डोळे दोनाऐवजी चार होते, तो भाग वेगळा. काही दिवसांपासून त्यांना सगळं दोन दोन दिसत होतं. तेही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मिस्टरांकडे बघून त्या म्हणाल्या, "तुम्हीही दोन आहात. एकाला ऐकू येत नाही, निदान दुसऱ्याला तरी यायला हवं होतं."

डोळ्यात थेंब घालायचं काम नणंदबाईंचं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी उजेडात त्यांनी बाईंचं डोकं मांडीवर घेतलं. एका हातानं पापणी ओढली, दुसऱ्या हातात बाटली, आणि थेंब नीट पडावा म्हणून खाली वाकल्या. तशाच थांबल्या.

"गप्प बस जरा," त्या म्हणाल्या.

"मी कुठे बोलतेय?"

"मग हे काय वाजतंय?"

बाईंनी श्वास रोखला. नणंदबाईंनी बाटली बाजूला ठेवली आणि बाईंच्या कानशिलाला, डोळ्याच्या अगदी कडेला, आपला कान लावला. हूश्श, हूश्श, हूश्श.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे तर खरंच आहे."

बाई रडल्या. मला सांगताना बाईंनी हा भाग गाळला होता, नणंदबाईंनी सांगितला. "माझ्या कानाशीच रडत होती," त्या म्हणाल्या, "तरी मला आतला आवाज वेगळा ऐकू येत होता."

त्याच सकाळी नणंदबाईंनी बालवाडीत कळवलं आणि भावजयीला घेऊन डोळ्यांच्या तज्ज्ञाकडे गेल्या. बाहेर रांग होती. "हिच्या डोक्यात वाजतंय," एवढंच त्या प्रत्येकाला सांगत पुढे गेल्या. लोकांनी वाट करून दिली. काहींनी जरा लांबूनच दिली.

डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी यंत्राला डोळा लावून पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिले. पांढऱ्या भागावरच्या लाल शिरा पिळवटून बुबुळापर्यंत आल्या होत्या. डोळ्यातला दाब वाढला होता. "आवाज येतो का हो?" त्यांनी स्वतःहून विचारलं. बाईंनी नणंदेकडे पाहिलं. नणंदबाई म्हणाल्या, "येतो. मी ऐकलाय."

डोळ्याच्या दवाखान्यात स्टेथोस्कोप नव्हता. शेजारच्या बालरोगतज्ज्ञाकडून आणवला. त्याला लहान मुलांसाठी एक छोटं कापडी अस्वल चिकटवलेलं होतं. ते अस्वल बाईंच्या कपाळावर आलं आणि डॉक्टरांनी मिटलेल्या पापणीवर चकती हळूच टेकवली. ऐकलं. मग दुसऱ्या डोळ्यावर. मग पुन्हा पहिल्यावर.

"हे डोळे आलेले नाहीत," ते म्हणाले. "हा आजार डोळ्याचा नाहीच. मागच्या रक्तवाहिनीचा आहे. आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलला जा. थेंबांवर आणखी दिवस काढलेत तर डोळा जाईल."

मोठं हॉस्पिटल शेजारच्या शहरात. तिथली रक्तवाहिन्यांवर उपचार करणारी डॉक्टरीण ठेंगणी, तरुण, बोलायला भरभर. तिनं कागदावर चित्र काढलं. मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी डोळ्याच्या मागे एका जागी शिरांच्या पोकळीतून जाते. अपघाताच्या दणक्यानं त्या धमनीला तिथंच भोक पडलंय. धमनीतलं रक्त जोरात असतं. ते त्या भोकातून शिरांच्या पोकळीत घुसतंय, आणि तिथून उलटं डोळ्याकडे येतंय.

"म्हणजे एकेरी रस्त्यावर उलट्या बाजूनं ट्रक सोडलेत," बाई म्हणाल्या.

"हो," डॉक्टरीण म्हणाली, "आणि जोरात."

"डोकं फोडणार का हिचं?" नणंदबाईंनी विचारलं.

"नाही. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालणार, ती वर मानेतून डोळ्याच्या मागे नेणार. भोकातून पलीकडच्या पोकळीत केसासारख्या तारेची वेटोळी सोडायची, ती भरून टाकायची. जागा भरली की रक्ताला तिकडे जायला वाट उरत नाही."

"डोळ्याचं दुखणं आणि जांघेतून?"

"रस्ता तिथून सरळ आहे, आत्या," डॉक्टरीण म्हणाली. नणंदबाईंना तिनं पहिल्या भेटीतच आत्या केलं होतं.

बाईंनी एकच विचारलं. "मी गाडी चालवू शकेन का?"

"आधी डोळा वाचवू या. बाकीचं मी आज सांगू शकत नाही." धोकेही तिनं लपवले नाहीत. अर्धांगवायू होऊ शकतो, दृष्टी जाऊ शकते. क्वचितच, पण होऊ शकतं. आणि काही केलं नाही तर दोन्हींची शक्यता जास्त. मिस्टरांना ऐकू जावं म्हणून हे सगळं तिला दोनदा, मोठ्या आवाजात सांगावं लागलं. शेजारच्या खाटेपाशी बसलेले नातेवाईकही घाबरले.

आधी नुसती तपासणी होती. बाई जाग्या होत्या. जांघ बधिर केली, नळी घातली, ती वर जाताना काही कळलं नाही. पण औषध सोडलं की अर्ध्या चेहऱ्यावर गरम पाणी ओतल्यासारखं व्हायचं आणि डोळ्यांपुढे चमचम. "हलू नका, गिळू नका, श्वास धरा." आयुष्यात इतकं न हलता बाई कधी राहिल्या नव्हत्या. मग डॉक्टरीण त्यांच्या डोक्याशी आली. "आता मी मानेवर थोडा वेळ दाबणार आहे. रक्त दुसऱ्या बाजूनं येतंय का बघायचंय." तिनं डाव्या बाजूला बोटं दाबली.

आवाज थांबला.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा बाईंना खोली ऐकू आली. यंत्राची घरघर, कुणाच्या तरी चपलेचा आवाज. डॉक्टरणीनं बोटं काढली आणि पुन्हा हूश्श.

"परत दाबा," बाई म्हणाल्या.

"काम झालं माझं."

"माझं नाही झालं. परत दाबा ना."

"एवढ्यासाठी दाबायचं नसतं, काकू."

उपचाराचा दिवस ठरेपर्यंत बाईंना वॉर्डमध्ये ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि आतून स्वतःच्या मानेवर बोटं दाबली. जागा सापडायला वेळ लागला, पण सापडली. शांतता. त्यांनी आणखी दाबलं. मग छत फिरायला लागलं, हात गळून पडला, घाम फुटला. सिस्टर धावली. डॉक्टरीण आली तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "मेंदूचं रक्त जातं तिथून! मी दाबलं तेव्हा पडद्यावर बघत होते. तुम्ही कशावर बघत होतात?"

  नणंदबाई खाटेशी स्टूल घेऊन बसल्या, भावजयीची दोन्ही मनगटं आपल्या हातात धरली आणि संध्याकाळपर्यंत सोडली नाहीत. बाई चिडल्या, मग विनवण्या केल्या, मग म्हणाल्या, "ताई, नाक खाजतंय माझं." नणंदबाईंनी नाक खाजवून दिलं आणि मनगटं पुन्हा धरली.

उपचार पूर्ण भूल देऊन झाला. मिस्टर आणि नणंदबाई बाहेर बाकावर. नणंदबाई दारापलीकडचं काही ऐकू येतंय का बघत होत्या. दार जाड होतं. पुष्कळ वेळानं डॉक्टरीण बाहेर आली, कपाळावर टोपीचा वळ. तारा चांगल्या बसल्या म्हणाली, पण भोक पूर्ण बुजलं नाही. आणखी रेटलं असतं तर मुख्य धमनीतच तार सरकली असती.

बाई शुद्धीवर आल्या आणि त्यांनी कान दिला. आवाज होता. बारीक झाला होता, लांब गेल्यासारखा, पण होता. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

थोडे दिवस वाट पाहिली. कधी कधी उरलेलं आपोआप बुजतं. हे बुजलं नाही, डोळ्यातला दाबही पुरता उतरेना. डॉक्टरीण म्हणाली, आता शिरेच्या बाजूनं जाऊ, मागच्या दारानं, आणि उरलेली जागा भरू. बाईंनी साफ नकार दिला. "मला घरी न्या. इतकासाच राहिलाय, राहू दे. रेडिओ लावीन मी."

नणंदबाईंनी समजावलं, मुलीनं फोनवर समजावलं. बाई ऐकेनात. मग मिस्टर स्टुलावर बसले. मिस्टर एका वेळी चार वाक्यांपेक्षा जास्त बोललेले कुणाला आठवत नाहीत.

"मला तो ऐकू आला नाही," ते म्हणाले. "तू सांगत होतीस आणि मी नाही म्हटलं. मशिनांनी कान खाल्ले माझे. मला म्हणायला हवं होतं की माझे कान गेलेत, दुसऱ्या कुणाला विचारू. ते मी म्हटलं नाही. तुझंच काही तरी असेल असं मला वाटलं. पण डोळे माझे शाबूत आहेत. तुझा हा डोळा अजून लाल आहे, अजून पुढे आहे, ते मला दिसतंय. या वेळी मी म्हणतोय ते तू ऐक."

 बाई म्हणाल्या, "अहो, इतकं मोठ्यानं बोलू नका. सगळा वॉर्ड बघतोय." आणि सही केली.

दुसऱ्या खेपेला बेत जमला. भूल उतरताना बाईंचा पहिला प्रश्न, "पंखा कुणी बंद केला?" पंखा चालूच होता. पाय सरळ ठेवायचा, हलवायचा नाही, मान उचलायची नाही, अशी ताकीद होती. नणंदबाई हळूच वाकल्या, बाईंच्या कानशिलाला कान लावला आणि इतका वेळ लावून ठेवला की सिस्टरनं विचारलं, काय झालं.

"काही नाही," नणंदबाई म्हणाल्या. "रिकामं आहे डोकं."

बाई हसल्या. मग पाय हलवू नका म्हणून सिस्टर ओरडली.

डोळ्याची लाली उतरली, डोळाही हळूहळू जागेवर गेला. नजर वाचली. पण डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस दबली होती, तिला वेळ लागणार होता. दोन दोन दिसणं चालूच राहिलं. एका डोळ्यावर पट्टी, आणि गाडी चालवायला सक्त मनाई. स्कूलच्या मालकांनी बाईंना वर्गात रहदारीची चिन्हं शिकवायला बसवलं. चिन्हं बाईंना पाठ, पण खुर्चीवर बसून शिकवणं त्यांना जमेना. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायच्या, मुलांच्या माना दुखायला लागल्या.

त्याच दिवसांत बेकरीवाली आली. अपघातानंतर तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. दारात उभी राहून रडायला लागली, "माझ्यामुळे झालं."

"गाडी बंद पडते," बाई म्हणाल्या. "माझीही पडते. तो टेम्पोवाला सिग्नल तोडून आला, त्याला कुणी शिकवलं ते मला बघायचंय."

बेकरीवाली दुसऱ्या कुणाकडे शिकायला तयार होईना. मग बाईंनी तिला स्कूलच्या आवारातच गाडीत बसवलं. रस्त्यावर जायचं नाही, दोन्ही बाजूंना भिंत. चालू कर, बंद पाड, चालू कर. हवं तर दहा वेळा बंद पाड, इथं कुणी हॉर्न वाजवणार नाही. पट्टी लावलेल्या बाई शेजारी, आणि बेकरीवाली गाडी हातभर पुढे, हातभर मागे नेत होती. मालक पेट्रोलच्या नावानं ओरडत राहिले. पुढे तिनं दुसऱ्या शिक्षकाबरोबर परीक्षा दिली आणि ती पास झाली.

बाईंची नस चार-पाच महिन्यांत बरीचशी सुधारली. समोर बघताना आता एकच दिसतं. अगदी डावीकडे, कडेला, नजर नेली तर अजून दोन दिसतात, म्हणून बाई अख्खी मान वळवून बघतात. मी शिकले ती त्यानंतर. मला वाटायचं, किती शिस्त! मीही तशीच अख्खी मान वळवून बघायला लागले. तपासनिसानं परीक्षेत माझं कौतुक केलं. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "तुझी नस ठीक आहे ना? मग आरसे कशाला लावलेत गाडीला?"

मागच्या तपासणीला तिघंही गेले होते. डॉक्टरणीनं पडद्यावर चित्र दाखवलं. डोळ्याच्या मागे काळ्या तारेचा छोटा गुंता, आणि धमनी शेजारून सरळ, स्वच्छ गेलेली. भोक बंद. मिस्टरांनी विचारलं, तार कसली असते? डॉक्टरीण म्हणाली, प्लॅटिनमची. "घ्या," नणंदबाई म्हणाल्या, "मी इतकी वर्षं नोकरी केली, मला कानातले नाहीत घडले, आणि हिनं डोक्याच्या आत दागिने घालून घेतले." डॉक्टरीण हसता हसता म्हणाली, आता वर्षानं या.

बाहेर बसथांब्यावर फारशी गर्दी नव्हती. बाक रिकामं होतं, पण बाई बसल्या नाहीत. थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "पुढच्या थांब्यापर्यंत चालू या, तोवर बस येईल." नणंदबाई म्हणाल्या, "इथंच येईल ती, बस खाली." तोवर बाई निघाल्या होत्या. मिस्टरांना यातलं काहीच नीट ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी पिशव्या उचलल्या आणि मागोमाग गेले. नणंदबाईंना जावंच लागलं.

दोन्ही थांब्यांच्या मधोमध असताना बस त्यांच्या शेजारून गेली. नणंदबाईंनी तिचा आवाज मागच्या वळणावरच ऐकला होता, ओरडल्याही होत्या. बाईंनी हात केला, ड्रायव्हरनं पाहिलं नाही.

"आरशात बघत नाहीत," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या थांब्याकडे चालू लागल्या.